ओटीवर बसा, पण गणती होऊ द्या : राजकीय पक्षांना खुले पत्र

जानेवारी २०२६

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे जिल्हाध्यक्ष, तालुकाध्यक्ष आणि बूथप्रमुख यांस

स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्गातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. २००१ आणि २०११ अशा दोन जनगणनांना प्रगणक म्हणून वाड्यावाड्यांतून हिंडलो. आता नवी जनगणना येते आहे आणि तिच्या पाठोपाठ मतदारसंघांची पुनर्रचना, म्हणजे लोकसंख्येच्या हिशेबाने नव्याने आखणी, होणार आहे; त्या गणतीत ढवळाढवळ करू नका, हे सांगायला हे पत्र लिहितो. ते कुठल्या एका पक्षाला नाही. एकाचे नाव घेतले असते तर उरलेल्यांनी ते आनंदाने पुढे पाठवले असते आणि स्वतः वाचले नसते.

फेब्रुवारी २०११ मधली गोष्ट सांगतो. ९ ते २८ तारखेपर्यंत माणसे मोजायची होती. माझ्या गटातल्या एका वाडीत ४१ घरे, त्यांतली १७ कुलूपबंद. कोकणात हे नवे नाही. अशा घरांच्या किल्ल्या शेजारणीच्या फडताळात आणि माणसे डोंबिवली-विरारला. एका उघड्या घराच्या ओटीवर तालुक्याचे एक पुढारी आधीच येऊन बसले होते. योगायोगाने नव्हे, कारण पुढच्या दोन घरांतही तेच सापडले. चहा झाला, आंबोळी झाली, आणि मग ते मुद्द्यावर आले.

"गुरुजी, पोरां मुंबयक असली म्हणान काय झाला? घर हय आसा, देव हय आसा. लिवा त्यांका हयच."

मी विचारले, या महिन्यात त्यांतले कोणी इथे राहिले आहे का? नव्हते. मग ती जिथे राहतात तिथला प्रगणक त्यांना लिहील. मीही लिहिले तर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. पुढारी हसले. म्हणाले, "गुरुजी, बदल्या मे महिन्यातच होतत मां?" आवाजात दम नव्हता, सहज चौकशी केल्यासारखा होता.

मी पत्रक खरे भरले, पण त्यात शूरपणा मिरवण्यासारखे काही नाही. निवृत्तीला थोडी वर्षे उरलेल्या माणसाची बदली करून कोणाला काय मिळणार होते? माझ्या शेजारच्या गटात मात्र नुकतीच लागलेली एक शिक्षणसेविका होती. तिच्या वाट्याच्या ओट्यांवर कोण बसले होते आणि तिला काय विचारले, हे तिने मला कधी सांगितले नाही. मीही विचारले नाही, आणि त्याची मला आज लाज वाटते.

त्या पुढाऱ्यांचे दुखणे खोटे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. तीनच वर्षांपूर्वी, २००८ मध्ये, मतदारसंघांची पुनर्रचना अमलात आली होती. मालवण आणि वेंगुर्ला ही नावे विधानसभेच्या यादीतून गेली; मालवण कुडाळात आणि वेंगुर्ला सावंतवाडीत विरघळले. नाथ पै आणि मधु दंडवते ज्या मतदारसंघातून लोकसभेत गेले, तो राजापूर मतदारसंघही संपला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे जोडनाव आले. त्याच पुनर्रचनेत ठाणे जिल्ह्याचे आमदार २४ झाले. आमची माणसे ठाण्यात गेली आणि त्यांच्या मागोमाग आमचे आमदारही गेले, असे गावातले म्हातारे म्हणत. बोलणे कडू असले तरी हिशेब बरोबर होता.

म्हणून आधी हिशेबच मांडतो. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. आमदार २८८. म्हणजे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ९० हजार माणसे. सिंधुदुर्गात त्या वेळी ८ लाख ४९ हजार ६५१ माणसे मोजली गेली, २००१ पेक्षा १९ हजारांनी कमी. भागाकार केला तर उत्तर येते २.१८, आणि आज आमच्याकडे आमदार तीन आहेत. रत्नागिरीचा भागाकार ४.१४, तिथे आज पाच आहेत. पालघर वेगळा होण्याआधीच्या ठाणे जिल्ह्याचा २८ च्या वर, तिथे २४ आहेत. २०११ च्या जुन्या आकड्यांवर ही स्थिती. त्यानंतर आमच्या वाडीत कुलुपे वाढली की कमी झाली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे; मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरून आणता त्या तुम्हीच.

आता त्या ओटीवरच्या युक्तीला हा हिशेब लावून बघा. तिसरा आमदार टिकवायचा तर भागाकार निदान अडीचच्या वर न्यायला हवा. त्यासाठी जुन्याच आकड्यात सव्वा लाख माणसे जादा दाखवावी लागली असती. सव्वा लाख! गावोगावी दोन-दोन चाकरमानी घुसडून ते साधणार नव्हते. म्हणजे शिक्षकाला खोटे लिहायला लावायचे, पकडला गेला तर गुन्हेगार तो ठरणार, आणि पदरात काय पडणार तर काहीच नाही. पाप तरी हिशेबाने करावे, अशी आमची आजी म्हणायची.

ज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले त्यांचे काय झाले, याचे उदाहरण देशात आहे. नागालँडची लोकसंख्या १९९१ ते २००१ या दहा वर्षांत ६४ टक्क्यांहून अधिक वाढलेली दिसली. पुनर्रचना तोंडावर होती आणि प्रत्येक भागाला आपला आकडा मोठा हवा होता. तो आकडा खुद्द तिथल्या राज्य सरकारलाच मान्य होईना. २००८ मध्ये आसाम, अरुणाचल, मणिपूर आणि नागालँड या चार राज्यांची पुनर्रचना लांबणीवर टाकली गेली. पुढे २०११ च्या गणतीत नागालँडची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटलेली निघाली. दहा वर्षांपूर्वी मोजलेली माणसे गेली कुठे, हा प्रश्न कोणी विचारायचा आणि कोणाला? वाढीव आकड्याने तिथे कोणाच्या जागा वाढल्या नाहीत. खऱ्या आकड्यावरचा विश्वास मात्र गेला.

तुमचा घोटाळा कुठे होतो, याचा मी बराच विचार केला आहे. गावातली शाळा एक, गुरुजी एक. मतदार यादीचे काम आले की तोच बीएलओ, म्हणजे बूथची यादी सांभाळणारा अधिकारी, आणि जनगणना आली की तोच प्रगणक. मतदार यादीच्या वेळी त्याच्याबरोबर फिरण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तुमचे बूथ लेव्हल एजंट नेमलेले असतात, ते नावे तपासतात, हरकती घेतात, मेलेल्यांची नावे काढायला लावतात. तो अधिकार रास्त आहे आणि तुम्ही तो नीट वापरलात तर यादी सुधारते. पण तीच सवय घेऊन तुम्ही जनगणनेच्या वेळीही ओटीवर येऊन बसता. १९४८ च्या जनगणना कायद्यात राजकीय पक्षाला कुठलीच जागा नाही. प्रगणकाने विचारायचे, घरच्याने खरे सांगायचे, प्रगणकाने लिहायचे. नोंदवलेले पत्रक गुप्त. कायद्याच्या कलम १५ नुसार ते कोणी उघडून पाहू शकत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. त्या दोघांच्या बोलण्यात तिसरा बसला की कायदा शाबूत राहतो, पण घरची बाई खरे बोलत नाही. मी पाहिले आहे. पुढारी समोर असताना एका बाईने नवरा घरात नाही हे तीन वेळा विचारल्यावर सांगितले. तो तिला सोडून गेला होता आणि तिला ते गावासमोर बोलायचे नव्हते.

आणि मतदारसंघांच्या सीमा ठरतात तेव्हा, जिथे तुमची खरोखर जागा आहे तिथे, तुम्ही असता कुठे?

२००२ चा पुनर्रचना कायदा माझ्याकडे आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यातून दहा सहयोगी सदस्य, पाच खासदार आणि पाच आमदार, सीमा ठरवणाऱ्या आयोगासोबत बसत. त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता, निर्णयावर सहीही करायची नव्हती. पण एक गोष्ट त्यांच्या हातात होती. आयोगाचा प्रस्ताव पटला नाही तर आपला वेगळा प्रस्ताव लेखी द्यायचा आणि तो आयोगाच्या प्रस्तावासोबत छापून घ्यायचा. त्यानंतर जाहीर सुनावण्या होत, तिथे कोणीही जाऊन बोलावे. आयोगाने काय पाहायचे तेही लिहिलेले होते : मतदारसंघ सलग असावा, डोंगर-नद्या लक्षात घ्याव्यात, तालुक्याच्या हद्दी शक्यतो मोडू नयेत, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. घाट आणि खाडी यांच्यामध्ये जगणाऱ्या कोकणाला बोलायला याहून मोठी जागा कोणता कायदा देणार? नव्या आयोगासाठी नवा कायदा होईल, पण १९५२ पासूनच्या चार आयोगांनंतर ही रीत मोडीत निघेल असे मला वाटत नाही.

मागच्या वेळी आमच्या भागातून सुनावणीला कोणी नकाशा घेऊन गेल्याचे मला आठवत नाही. निर्णय झाल्यावर मात्र मोर्चे निघाले. तोवर उशीर झालेला होता, कारण आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचे बळ येते. त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचे दार सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये बंदच ठेवले होते. २०२४ मध्ये, आदेश उघडउघड मनमानी असेल तर न्यायालय तो तपासू शकेल इतपत फट त्याने मोकळी केली. त्या फटीच्या भरवशावर मोर्चाचे भाडे खर्च करू नका.

राज्यभरातल्या तुमच्या नेत्यांना आणखी एक विचारायचे आहे. दक्षिणेतली राज्ये म्हणतात, आम्ही कुटुंबनियोजन नेटाने राबवले, आता लोकसंख्येच्या हिशेबाने आमचे खासदार कमी कराल तर ती शिक्षा होईल. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी चेन्नईत त्यासाठी मोठी बैठक घेतली. आपल्याकडच्या काही पक्षांना ते म्हणणे पटले, काहींना नाही पटले, दूरचित्रवाणीवर वाद झाले. महाराष्ट्राला त्या वादाची झळ फारशी नाही; २०११ मध्ये देशाच्या लोकसंख्येत आपला वाटा ९.३ टक्क्यांच्या आसपास होता आणि लोकसभेच्या ५४३ जागांत आपल्या ४८ म्हणजे ८.८ टक्के. आपले नुकसान नाही, झाला तर थोडा फायदाच. म्हणून मुंबईत बसून बोलणे सोपे जाते. पण केरळ-तमिळनाडू दिल्लीकडे जे मागत आहेत, तेच मागणे सिंधुदुर्ग-रत्नागिरीने महाराष्ट्राकडे मागायचे ठरवले तर? आमची तर लोकसंख्याच घटली. आमच्याकडेही मुली शिकल्या, घरे लहान झाली, आणि वर कामधंद्यासाठी तरुण पिढी निघून गेली ती वेगळी. दिल्लीत एक बोलायचे आणि कोकणाबद्दल गप्प राहायचे, हे कुठल्या पक्षाच्या धोरणपत्रिकेत आहे?

याला उत्तर नाही असे नाही. राज्यांतर्गत प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या शक्यतो सारखी असावी, असे राज्यघटनेचे कलम १७० म्हणते आणि ते योग्यच आहे. ठाण्यातल्या माणसाचे मत सिंधुदुर्गातल्या माणसाच्या मतापेक्षा हलके का असावे? पण तेच कलम विधानसभेला ५०० सदस्यांपर्यंत वाव देते. आपली २८८ वर थांबलेली आहे. एकूण संख्या वाढली तर वाढणाऱ्या शहरांना त्यांचे हक्काचे आमदार मिळतील आणि आमचाही तिसरा जाणार नाही. कोणाला हे खर्चिक वाटेल, कोणाला नको वाटेल. वाद घालण्यासारखी गोष्ट आहे. पण ती प्रचारसभेत उघड मागण्यासारखी, विधिमंडळात बोलण्यासारखी, दिल्लीला पत्र लिहून पाठपुरावा करण्यासारखी आहे. तिच्यासाठी कुठल्या शिक्षणसेविकेला बदलीची आठवण करून द्यावी लागत नाही.

सत्तेत असलेल्यांना वेगळे सांगायला हवे, कारण त्यांना ओटीवर बसावे लागत नाही, ते कागदावरच रेघ ओढतात. मुंबई महापालिकेचे प्रभाग २२७ होते. एका सरकारने ते २३६ केले, दुसऱ्याने पुन्हा २२७ केले. दोन्ही वेळा कारण लोकहिताचे होते, आणि त्या गोंधळात महापालिकेची निवडणूक वर्षानुवर्षे खोळंबली. जानेवारी २०२६ मध्ये ती एकदाची झाली. आसामात ३१ डिसेंबर २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने चार जिल्हे जुन्या जिल्ह्यांत परत विलीन केले. दुसऱ्याच दिवसापासून पुनर्रचनेसाठी प्रशासकीय हद्दी गोठणार होत्या, म्हणजे त्या बदलता येणार नव्हत्या. आपल्याकडेही जनगणनेसाठी गाव-तालुक्यांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठल्या आहेत, त्या मार्च २०२७ अखेरपर्यंत. पुनर्रचनेचा आयोग याच हद्दींच्या विटा रचून मतदारसंघ बांधणार. ती बंदी उठल्यावर नवा तालुका, नवा जिल्हा करण्याची घाई कोणाला झाली, आणि नेमकी कोणत्या विधानसभेच्या कडेला झाली, हे पाहायला आम्ही निवृत्त लोक रिकामेच आहोत.

या वेळची गणती आजवरच्यांपेक्षा वेगळी आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात घरयादी, मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसे. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख. कागदाच्या जागी मोबाइल, आणि ज्यांना हवे त्यांनी स्वतःची माहिती आधी स्वतःच भरायची सोय. मला भीती याचीच आहे. तुमच्या कार्यालयांबाहेर 'जनगणना मदत केंद्र' असे फलक लागतील, पोरगा लॅपटॉप घेऊन बसेल, आणि म्हातारीचा मोबाइल हातात घेऊन तिच्या घरात किती माणसे आहेत हे तोच ठरवील. गुप्त ठेवायची माहिती अशाने पक्षाच्या वहीत जाईल. एवढे एक कराल तर उपकार होतील : हे केंद्र उघडू नका.

जात नोंदवली जाणार आहे, स्वतंत्र भारताच्या जनगणनेत प्रथमच सर्वांची. त्या रकान्यात काय लिहावे याचे फलक चौकाचौकांत लागतीलच, ते तुमचे असतील किंवा तुमच्या जवळच्या समाज-संघटनांचे. माणसाने सांगायचे आणि प्रगणकाने तसेच लिहायचे, इतकेच तिथे काम आहे. महिलांच्या एक तृतीयांश आरक्षणाला २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ जणांनी हो म्हटले आणि दोघांनी नाही. ते आरक्षणही याच गणतीवर आणि तिच्या पाठोपाठच्या पुनर्रचनेवर टांगलेले आहे. गणती वादात सापडली तर ती खुंटी आणखी किती वर्षे तशीच राहील ते बघा.

मदत करायचीच असेल तर खूप जागा आहेत. गणतीत घरातली माणसे खरी सांगितली की रेशन कापतात, घरकुल जाते, असे आमच्याकडे अजूनही समजतात. ते तसे नाही, हे तुमच्या सभेत दोन मिनिटे सांगा. तुमचे लोक ऐकतात. मुंबईला असलेल्यांना सांगा की तिथे दार उघडा आणि नाव लिहून घ्या. चाळीत, झोपडपट्टीत, भाड्याच्या खोलीत प्रगणक आला की 'आम्ही गावचे, आम्हाला तिकडे लिहितील' म्हणून परत पाठवतात, आणि गावाला आम्ही त्यांना लिहीत नाही. असा माणूस कुठेच मोजला जात नाही. त्याच्या वाटचे पाणी नाही, दवाखाना नाही, आमदारही नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला तुम्ही सगळेच येता, एकाच रांगेत उभे राहता; तिथे हे सांगितलेत तर एका दिवसात निम्म्या मुंबईला कळेल.

माझ्या घरी २०११ ला तीन माणसे लिहिली गेली : मी, माझी बायको आणि आई. दोन्ही मुलगे डोंबिवलीला मोजले गेले. माझे पत्रक माझ्या सहकाऱ्याने भरले, आणि 'लिवा त्यांका हयच' हे वाक्य माझ्या आईच्याच तोंडून आले तेव्हा आम्ही दोघे हसलो. तिला कोणी पक्षाने सांगितले नव्हते. तिला ते तसेच वाटत होते. आई आता नाही. या वेळी प्रगणक येईल तेव्हा आम्ही दोघेच असू. तुमच्यापैकी कोणी आमच्या ओटीवर आलेला असला तर त्याला चहा मिळेल, आंबोळीही मिळेल. मग त्याने खळ्यात जाऊन माडाखाली उभे राहावे, आणि प्रगणक पुढच्या घरी गेल्यावर परत यावे. सुनावणीला न्यायचा नकाशा मी काढून ठेवलेला आहे, त्यावर आपण बोलू.

आपला,
एक निवृत्त प्रगणक